हाताची परवानगी

रोहिणी गजभिये आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली त्या आठवड्यात माझी पाठ धरली होती. जिन्याचा कठडा धरून मी एकेक पायरी चढत होते आणि प्रत्येक पायरीला ‘आई गं’ म्हणत होते. मागून एक मुलगी आली, थांबली आणि सरळ मराठीत विचारलं, कुठे दुखतंय? म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमसारख्या गावात शेजारी वर्षानुवर्षं ‘हालो’च्या पुढे जात नाहीत. मी जिन्यातच बसकण मारली आणि सगळं सांगितलं. तिने चार-पाच प्रश्न विचारले. पाय बधिर होतो का, लघवीला अडतं का, पडला होतात का. मग म्हणाली, स्नायू आखडलाय, बाकी काही नाही, झोपून राहू नका, चालत राहा.

इतकं कळतंय तर जरा दाबून दे ना, असं मी म्हटलं. त्यावर तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. म्हणाली, "ताई, मला इथे कुणाच्या पाठीला हात लावायची परवानगी नाही."

मला राग आला. शेजारणीची पाठ दाबायला कसली आलीय परवानगी? तेवीस वर्षं या देशात काढूनही मला असल्या गोष्टींचा राग येतो, आणि तो येणं थांबलं की मी जर्मन झाले असं समजायला हरकत नाही. पण त्या खिशातल्या हातांची गोष्ट मला नंतर कळली, आणि तीच इथे सांगायची आहे.

रोहिणी नागपूरची. वडील लहू रामटेके सरकारी कारखान्यात फिटर होते. मुलीने आधी फिजिओथेरपी केली, मग सरकारी शिष्यवृत्ती मिळवून वेल्सला गेली आणि कायरोप्रॅक्टिक शिकली. मणका, सांधे आणि मान हातांनी जागेवर आणण्याची ही विद्या. कार्डिफमध्ये दोन वर्षं नोकरी केली. नंतर सुयश गजभियेशी लग्न झालं. तो इथे गाड्यांची ब्रेक-यंत्रणा बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर. २०१४ च्या शरदात ती त्याच्या दोन खोल्यांच्या घरात आली. घर आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर.

आल्याआल्या तिने गेझुंडहाइट्सआम्टमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य कचेरीत, आपली सर्टिफिकेटं नेऊन ठेवली. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरसाठी स्वतंत्र कायदा आहे. परिषदेत नाव नोंदलेलं नसेल तर स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणंसुद्धा गुन्हा. इथेही तसंच असेल, फार तर भाषेची परीक्षा द्यावी लागेल, असा तिचा हिशोब. समोरच्या बाईंनी कागद आदराने चाळले, छान आहेत म्हणाल्या आणि परत दिले. जर्मनीत असा व्यवसायच कायद्याच्या पुस्तकात नाही. आजारी माणसावर इलाज करायचा तर दारं दोनच. एक तर पूर्ण वैद्यकीय शिक्षण घेतलेला डॉक्टर व्हा, नाहीतर हाइलप्राक्टिकरची परवानगी काढा.

हाइलप्राक्टिकर म्हणजे डॉक्टर नसूनही इलाज करायची मुभा असलेला माणूस. सुया टोचणारे, पाला-मुळ्या देणारे, मणके बसवणारे, सगळे या एकाच छत्रीखाली. कायदा १९३९ सालचा. त्यासाठी कुठलं कॉलेज सक्तीचं नाही. पंचविशी ओलांडलेली हवी, शाळा झालेली हवी, पोलिसांचा दाखला स्वच्छ हवा, आणि कचेरीची लेखी आणि तोंडी परीक्षा पास व्हायला हवी. गंमत पुढेच आहे. तुम्हाला तुमचं काम येतं का, हे त्या परीक्षेत कुणी विचारत नाही. ती एकच गोष्ट तपासते. या माणसापासून लोकांच्या आरोग्याला धोका आहे की नाही?

म्हणजे इतकी वर्षं शिकून आलेली रोहिणी आणि कालपर्यंत फुलांचं दुकान चालवणारी बाई एकाच बाकावर. मी म्हटलं, हा कुठला न्याय? रोहिणी म्हणाली, न्याय राहू दे ताई, तुम्ही मला जर्मन शिकवाल का?

मी किंडरगार्टनमध्ये पोरांचे हात-तोंड पुसायचं काम करते, त्यामुळे माझं जर्मन व्याकरणात लंगडं पण बोलण्यात सुसाट. तेच तिला हवं होतं. दिवसा ती स्टेशनजवळच्या बेकरीत काउंटरवर उभी राहायची. ज्या हातांनी कार्डिफच्या लोकांच्या माना मोकळ्या केल्या ते हात ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळे खारे पाव, पिशवीत भरत होते. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात अभ्यास. मी पोळ्या लाटताना प्रश्न विचारायचे आणि ती उत्तरं द्यायची. पटकी, गोवर, कुष्ठरोग, कुठला रोग आढळला तर सरकारला कळवायचं, कुठल्या रोगाला हाइलप्राक्टिकरने हातच लावायचा नाही, हृदय कधी दगा देतंय, वेड कसं ओळखायचं. लेखीच्या साठ प्रश्नांत मणक्यावर एखादा आला तर आला. आमचे हे, जयंतराव, टेबलापाशी बसून ऐकायचे. मान मोडायला हिला पटकी कशाला लागते, म्हणायचे.

एक गोष्ट मात्र तिला खरंच जड गेली. आपल्याकडे फिजिओथेरपी केलेल्या मुलीला सगळे डॉक्टर म्हणतात. नागपूरच्या घरावर तिच्या वडिलांनी स्वतः रंगवलेली पाटी आहे, ‘डॉ. रोहिणी लहू रामटेके’. त्यांच्या वस्तीतली ती पहिली. ब्रिटनमध्येही कायरोप्रॅक्टरांना तसं म्हणायची पद्धत आहे. इथे ती दोन अक्षरं पदवीशिवाय नावापुढे लावली तर फौजदारी. तिने फेसबुकवरून, ईमेलमधून, सगळीकडून ते ‘डॉ.’ काढून टाकलं. वडिलांना फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, पाटी पण काढू का? ती म्हणाली, नको बाबा, नागपूरला चालतंय. हे मला सांगताना ती कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांचं काही ठरवता येईना.

२०१६ च्या मार्चमध्ये तिने लेखी परीक्षा दिली आणि पास झाली. तोंडी जूनमध्ये होती. मधल्या एप्रिलात सुयशच्या आई, मीराबाई, आल्या. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढलेल्या, लग्नानंतर नागपुरात आलेल्या, ठेंगण्या आणि खणखणीत. विमानातून उतरल्यापासून त्या सुनेला ‘डॉक्टरीण’च म्हणायच्या. रोहिणीने समजावून सांगितलं, सुयशने सांगितलं. त्या मान हलवायच्या आणि परत म्हणायच्या, डॉक्टरीण, चहा घेतेस का व?

त्या वर्षी बाबासाहेबांची एकशेपंचविसावी जयंती. म्युनिकच्या एका सभागृहात मोठा कार्यक्रम ठरला. गाड्यांच्या कंपन्यांतले इंजिनीअर, संशोधक, त्यांची कुटुंबं, काही जर्मन पाहुणे. रोहिणीने आग्रह केला म्हणून आम्हीही गेलो. कार्यक्रमाची सगळी धावपळ विलास नावाच्या एका उत्साही माणसाने अंगावर घेतलेली. विलास मूळचा बुलढाण्याकडचा. त्याच्या गावात जयंतीला मोफत आरोग्य शिबिर नसेल तर ती जयंतीच नव्हे. त्याने ऐकलं होतं की रोहिणी परीक्षा पास झाली. पास झाली म्हणजे झालीच, त्यात लेखी काय आणि तोंडी काय. तिला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून न विचारता त्याने जर्मनमधलं पत्रक छापलं आणि पाहुण्यांसकट सगळ्यांना पाठवलं. त्यात वंदना, भाषणं आणि जेवण यांच्या मध्ये एक ओळ होती. ‘पाठीची मोफत तपासणी: डॉ. रोहिणी गजभिये, उंटरश्लाइसहाइम.’

एका ओळीत दोन गुन्हे. आपल्या माणसांचं प्रेम असं असतं, गळ्यात हार घालताना गळाही आवळतात.

आम्ही पोहोचलो तर कोपऱ्यात टेबलावर पांढरी चादर अंथरलेली आणि समोर सहा-सात माणसांची रांग. रोहिणीने पत्रक वाचलं. पांढऱ्या साडीला खिसे नसतात, म्हणून तिने हात पाठीमागे बांधले. विलासला बाजूला घेऊन तिने सांगितलं की परवानगी मिळालेली नाही, तपासणी होणार नाही, फुकट असली तरी नाही. विलासचं तोंड एवढंसं झालं. सुयश हळूच म्हणाला, दोघातिघांना नुसतं बघ, आपण थोडेच पैसे घेतोय. तिने नकार दिला, नुसतं बघून निदान सांगणंही इथे इलाजातच धरतात. कचेरीला असं काही कळलं तर ‘ही बाई भरवशाची नाही’ एवढ्या एका कारणावर अर्ज फेटाळता येतो. मग दीड वर्षाचा अभ्यास, बेकरी, सगळंच पाण्यात. हे रांगेतल्यांना कोण समजावणार? कुणीतरी ऐकू जाईल असं बोललंच, समाजाच्या जिवावर परदेशात शिकायचं आणि समाजासाठी दहा मिनिटं नाहीत.

मला त्या माणसाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला.

ते मीराबाईंनीही ऐकलं. त्या उठल्या, चपला काढल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, ज्याची पाठ धरली असंल त्यानं इकडं यावं, मी पायाळू हाय. पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं मूल. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं आपल्याकडे जुनी माणसं मानतात. रांगेत हशा पिकला, वातावरण सैल झालं आणि मोठमोठे इंजिनीअर चटईवर पालथे पडले. मीराबाई एकेकाच्या कमरेला डावा अंगठा टेकवायच्या आणि पुढचा, म्हणायच्या. येना शहरातून आलेला एक संशोधक मुलगा तेवढा चिडला. काकू, बाबासाहेबांच्या जयंतीला ही अंधश्रद्धा?

मीराबाई म्हणाल्या, "अरे बाबू, माझ्या पायात गुण-बिण काही नाही, मले का मालूम नाही? पण ज्यांच्या अंगणात मले उभं राहू देत नव्हते, ते पाटील माझ्या पायापुढं पालथे पडत होते. ते काहून सोडू मी?"

मुलगा हसला नाही, पण खाली बसला.

रांगेत चौथा श्रीनाथ नावाचा चाळिशीचा गृहस्थ होता. तो चटईकडे येताना रोहिणी त्याच्या चालीकडे बघत होती. ती पुढे झाली आणि जिन्यात मला विचारले होते तेच प्रश्न तिने त्याला विचारले. तो म्हणाला, कालपासून मांड्यांच्या आत जरा बधिर वाटतंय, आणि लघवीला वेळ लागतो. रोहिणीने सासूबाईंना हाताने थांबवलं. यांना पाय लावू नका आई, म्हणाली, आणि श्रीनाथला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जायला सांगितलं. तो तयार होईना. जेवण व्हायचं होतं, आणि रविवार होता. ती त्याच्या बायकोला गाडीपर्यंत सोडायला गेली तेव्हा कुठे तो निघाला. दोन दिवसांनी तो गोळ्या घेऊन घरी परतला. मणक्यातल्या शिरेवर दाब होता, पण थोडा. ऑपरेशन नाही, काही नाही. आमचा रविवार फुकट घालवला, असं तो पुढे बरेच दिवस सांगत होता.

तोंडी परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले आणि कॉरिडॉरमध्ये बसले. आत काय झालं ते तिने परतीच्या एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकल गाडीत, सांगितलं. खोलीत कचेरीच्या डॉक्टरबाई आणि सल्ल्यासाठी बसलेले एक म्हातारे हाइलप्राक्टिकर होते. ती बसताच डॉक्टरबाईंनी टेबलावर विलासचं पत्रक ठेवलं. कुणी पाठवलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. पाहुण्यांपैकी कुणीतरी असेल. इथे असं कळवणं म्हणजे चुगली नव्हे, कर्तव्य.

रोहिणीने सांगितलं की पत्रक मला न विचारता छापलं, मी डॉक्टर नाही, तपासणी झाली नाही. एवढ्यावर थांबता आलं असतं. बाईंनी पुढे विचारलं, म्हणजे त्या दिवशी तुम्ही कुणालाच बघितलं नाही? गाडीत मला सांगताना रोहिणी म्हणाली, त्या वेळी नाही म्हणणं किती सोपं होतं, ताई. श्रीनाथ काही साक्ष द्यायला येणार नव्हता, आणि सभागृहातलं कुणी तोंड उघडलं नसतं. एका ‘नाही’ने परवानगी हातात आली असती. पण ज्या कामात माणसं स्वतःची मान आपल्या हातात देतात, त्याची सुरुवात खोट्याने करायची हे तिला जमेना.

तिने सगळं सांगितलं. चाल बघितली, प्रश्न विचारले, हॉस्पिटलला पाठवलं, अंगाला हात लावला नाही.

बाईंनी विचारलं, "आणि निघालं काय?"

"फारसं काही नाही," रोहिणी म्हणाली. "पण मला ते बघून सांगता येणार नव्हतं, म्हणून पाठवलं."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, मग रांगेतल्या बाकीच्यांचं काय केलंत? तेव्हा तिला सासूबाईंचा पाय सांगावा लागला. आधी पाय बाहेर आलेलं मूल, डावा अंगठा, सगळं, जर्मनमध्ये. म्हातारे हाइलप्राक्टिकर चष्मा काढून हसायला लागले. बाई मात्र गंभीरच. त्या म्हणाल्या, जो नुसता पाय किंवा हात टेकवतो आणि वैद्यकीय ज्ञान असल्याचा आव आणत नाही, त्याला आमची परवानगी लागत नाही, न्यायालयाने हे कधीच स्पष्ट केलंय. मग त्यांनी गोवर आणि हृदयाच्या झटक्यावर तिला भरपूर पिळून काढलं. शेवटी, ते पत्रक जिथे जिथे असेल तिथून काढायला लावा आणि त्या दोन अक्षरांपासून लांब राहा, अशी तंबी दिली. दहाएक मिनिटं बाहेर बसवलं आणि आत बोलावून सांगितलं की पास.

"आईंना परवानगी लागत नाही," रोहिणी गाडीत म्हणाली, "मला लागते." आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. समोरच्या आजोबांनी पेपर खाली करून आमच्याकडे पाहिलं. मी त्यांना सांगितलं, पास झाली. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले ते, जणू त्यांना आधीच माहीत होतं.

जुलैमध्ये स्टेशनपलीकडच्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तिला एक खोली भाड्याने मिळाली. मीराबाईंचं परतीचं विमान दोन दिवसांवर आलेलं. जाण्याआधी सुनेचा दवाखाना बघायचा म्हणून त्या आल्या, आणि मीही गेले. दारावर नवी पाटी लागली होती. मीराबाईंनी चष्मा लावून अक्षरं लावली. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येतात, सावकाश. ‘रोहिणी गजभिये, हाइलप्राक्टिकरिन, कायरोप्राक्टिक.’ त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. डॉक्टर कुठं गेलं, त्यांनी विचारलं.

रोहिणीने परत सगळं सांगितलं, यावेळी शांतपणे. इथे ते लावता येत नाही. त्याऐवजी हे लागतं. मग तिने फाइलमधून सरकारचा कागद काढला. खाली गोल शिक्का होता. मीराबाई म्हणाल्या, काय लिहिलंय ते सांग. हुशार आहे असं लिहिलंय का? रोहिणी म्हणाली, नाही आई. चांगली शिकलेली आहे असं? तेही नाही. मग मेल्यांनी एवढा अभ्यास करून घेतला आणि लिहिलं तरी काय?

"मी लोकांवर इलाज केला तर त्यांच्या आरोग्याला धोका नाही, एवढं बघून परवानगी दिलीय. बस, एवढंच."

मला वाटलं, आता म्हातारीचा हिरमोड होणार. मलासुद्धा तो कागद कधी फारसा मोठा वाटला नव्हता. धोका नाही, हे काय प्रशस्तिपत्र झालं? असं तर आपण कुत्र्याबद्दल लिहितो.

मीराबाई त्या शिक्क्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून, जणू मलाच सांगायचं होतं तशा, म्हणाल्या, "बाई, त्या पाटलाले माझा पाय चालत होता. पण उसण उतरल्यावर त्यानं पाणी मागितलं, अन् मी लोट्याला हात लावला, तर लोटा फेकून दिला त्यानं. मी दहा वर्षांची होती. माझ्या हाताचा धोका होता त्याले."

माझ्या आजोळी काही माणसांसाठी अंगणात वेगळे ठेवलेले लोटे मला आठवत होते.

त्यांनी कागदाची घडी घातली नाही, तसाच सरळ धरून सुनेच्या हातात दिला. डोळे पुसले, ते कुणापासून लपवले नाहीत. मग चपला काढून तपासणीच्या टेबलावर चढल्या, पालथ्या पडल्या आणि पदर नीट केला.

"घे," त्या म्हणाल्या. "सरकारनं लिहून दिलंय. आता लाव हात."

रोहिणीने कागद फाइलमध्ये ठेवला, सवयीने खिशात गेलेले हात बाहेर काढले, एकमेकांवर चोळून गरम केले आणि सासूच्या पाठीवर ठेवले.